मागल्या दारची खोली आणि शेजाऱ्याचा उजेड



शहरात राहणाऱ्या साधारण गृहस्थाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की, राहते घर अपुरे पडू लागते. मुलगा लग्नाचा होतो, गावाकडून वृद्ध आई राहावयास येते, आणि मग मागल्या दारची पडवी बंद करून तेथे एक खोली काढावी असा विचार घरात सुरू होतो. आमच्या घरीही तो सुरू झाला होता. गवंडी ठरला, विटांचा भाव ठरला, आणि मग कोणीतरी म्हणाले, ‘परवानगी काढली का?’ वडिलांनी नकाशा काढवून कचेरीत दिला. तो तीन वेळा परत आला. तिसऱ्या वेळी कारण असे होते की, कागदावर उत्तर दिशेचा बाण दाखविलेला नव्हता. वडील संतापून म्हणाले, ‘जागा माझी, पैसा माझा, उत्तर दिशा कोणीकडे आहे ते मला ठाऊक आहे, मग हे विचारणारे कोण?’

हा प्रश्न रागाच्या भरात विचारला गेला असला तरी इतिहासाच्या अभ्यासकाने तो टाळू नये. स्वतःच्या जागेवर स्वतःच्या पैशाने चार भिंती उभ्या करणाऱ्यास ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार सरकारकडे आला कोठून? आज आपल्याकडे जे नियम आहेत त्यांतील बरेच इंग्लंडमधून आले, आणि इंग्लंडमध्ये ते लंडन शहरात घडले. म्हणून आरंभी आपणांस लंडनला जावे लागेल. तेथून एक नियम बोटीत बसून मुंबईस आला, त्याच्या मागोमाग आपणही परत येऊ.

लंडनचा सर्वांत जुना बांधकाम-नियम बाराव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे शहराचा पहिला महापौर हेन्री फिट्झ-एलविन याच्या काळचा मानला जातो. परंपरेने त्याचे साल ११८९ सांगतात. त्यात राजाच्या इच्छेला, शहराच्या शोभेला स्थान नाही. त्यात आहे ती दोन शेजाऱ्यांमधली भिंत. दोघांनी आपापल्या जागेतून दीड-दीड फूट द्यावे आणि समाईक खर्चाने तीन फूट जाडीची, सोळा फूट उंचीची दगडी भिंत बांधावी. एकाला खर्च झेपत नसेल तर त्याने तीन फूट जागा द्यावी आणि दुसऱ्याने आपल्या पैशाने भिंत उभी करावी. पागोळ्यांचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे हेही ठरलेले. शौचकूप दगडाने बांधून काढलेला असेल तर तो शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, आणि नुसता मातीचा खड्डा असेल तर साडेतीन फूट दूर असावा. गरिबाला वाव आणि घाणीला अंतर, असा हा कायदा आहे.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरबांधणीचे जे प्रकरण आहे तेही याच वळणाचे आहे. दोन घरांमधील अंतर, सांडपाण्याची वाट, खिडकी कोणत्या बाजूस किती उंचीवर असावी, आणि तंटा झाल्यास तो शेजाऱ्यांच्या साक्षीने मिटवावा, अशी त्यातली व्यवस्था आहे. दोन देशांनी एकमेकांस न विचारता एकाच गोष्टीपासून सुरुवात करावी याचे मला नवल वाटत नाही. घर बांधणाऱ्याचे भांडण प्रथम होते ते शेजाऱ्याशी. सरकार मागाहून येते.

सरकार आले म्हणजे काय होते याचा एक मासला पाहा. लंडन फार वाढू लागले म्हणून १५८० मध्ये एलिझाबेथ राणीने जाहीरनामा काढला : शहराच्या वेशीपासून तीन मैलांच्या आत नवे घर बांधावयाचे नाही, आणि एका घरात एकाहून अधिक कुटुंबे राहावयाची नाहीत. लोक येतच राहिले आणि घरेही होतच राहिली. फक्त ती चोरून होऊ लागली, म्हणून निकृष्ट होऊ लागली. पुढे स्ट्यूअर्ट राजांच्या अमदानीत बेकायदा बांधकामांवर दंड आकारून ती पदरात घेण्याची पद्धत पडली, आणि खजिन्याला पैशाची निकड होती म्हणून ती चांगलीच रुजली. जे बंद पाडावयाचे तेच उत्पन्नाचे साधन झाले. २००१ साली आपल्या राज्यात गुंठेवारीची घरे नियमित करण्याचा कायदा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. ती वाचताना मला हे जुने लंडन आठवत होते. मात्र दोहोंत फरक आहे : आपल्या कायद्यात त्या वस्तीस रस्ते-पाणी देण्याचीही भाषा होती; त्या राजांच्या मनात तसले काही नव्हते.

आता १६६६ सालाकडे वळू. २ सप्टेंबर, रविवारची पहाट. पुडिंग लेन नावाच्या बोळातील एका पाववाल्याच्या घरी आग लागली. लंडनची घरे तेव्हा बहुतांशी लाकडी होती, आणि प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडा पुढे काढलेला असे. त्यामुळे वरच्या माळ्यांवरून समोरासमोरच्या दोन घरांतील माणसांना जवळजवळ हात मिळविता येत. जागा वाचविण्याची ही युक्ती आगीच्या फार सोयीची ठरली. आगीच्या वाटेतील घरे पाडून तिला अडविणे एवढा एकच उपाय त्या वेळी होता. पण महापौर कचरला, कारण मालकांची संमती नसता घरे पाडली तर भरपाई कोण देणार? तो विचार करीत राहिला आणि आग पुढे गेली. चार दिवसांत १३,२०० घरे व ८७ चर्चे जळाली.

यानंतर जे घडले ते मला या सर्व इतिहासातील अत्यंत बोधप्रद प्रकरण वाटते. राख निवण्याच्या आतच क्रिस्टोफर रेन या विद्वान गृहस्थाने नव्या शहराचा नकाशा राजापुढे ठेवला : सरळ प्रशस्त रस्ते, चौक, दूरवर दिसणारे देखावे. तो अमलात आला नाही. ज्याची जागा जळाली त्याला त्याच जागी, त्याच खुणांवर पुन्हा उभे राहावयाचे होते आणि हिवाळा तोंडावर आला होता. मात्र नकाशा बाजूला ठेवला म्हणून लोकांना मोकळेही सोडले नाही. १६६७ मध्ये पार्लमेंटने पुनर्बांधणीचा कायदा केला. त्याने घरांचे चार वर्ग ठरविले. गल्लीबोळांत तळघर व माळा वगळून दोन मजल्यांचे घर; नाव असलेल्या रस्त्यांवर आणि नदीकाठी तीन मजल्यांचे; हमरस्त्यांवर चार मजल्यांचे; आणि चौथा वर्ग श्रीमंतांच्या हवेल्यांचा. भिंतीची जाडी किती विटांची हे वर्गवारीने लिहून दिले. आणि सर्वांना मिळून एक अट : बाह्यांग विटेचे किंवा दगडाचे असावे. हे शेवटचे कलम कृपा करून ध्यानात ठेवा. शेवटी मला त्याची आठवण द्यावयाची आहे.

या कायद्याचे खरे शहाणपण त्याच्या मनाईत नाही. त्याने विटा, कौले आणि मजुरी यांचे भाव ठरवून देण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला, म्हणजे संकटाचा फायदा घेऊन कोणी लुबाडू नये. शहराबाहेरच्या गवंडी-सुतारांना एरवी लंडनमध्ये काम करण्यास बंदी असे. ती सात वर्षांसाठी उठविली. रस्तारुंदीत जागा गेली त्यास मोबदला, आणि तो देण्यासाठी लंडनमध्ये येणाऱ्या दगडी कोळशावर कर. मालक आणि भाडेकरू यांचे तंटे झटपट तोडण्यासाठी वेगळ्या कायद्याने ‘अग्नि-न्यायालय’. नियम पाळा असे म्हणताना तो पाळता यावा याची तजवीज त्याच वेळी केलेली होती. हे मी मुद्दाम सांगत आहे, कारण पुढच्या सरकारांनी यातला पहिला भाग उचलला आणि दुसरा बहुधा विसरले.

परवानगीची रीत काय होती? जागेच्या मालकाने प्रथम आपल्या जागेतील राडारोडा उपसावा, शहराच्या तिजोरीत पायामागे सहा शिलिंग आठ पेन्स भरून पावती घ्यावी, आणि ती शहराच्या सर्व्हेअरकडे न्यावी. मग सर्व्हेअर स्वतः जागेवर येऊन पायाची रेषा आखून खुंट्या ठोकून देई. त्या खुंट्यांबाहेर वीट ठेवावयाची नाही. या सर्व्हेअरांत एक होता रॉबर्ट हुक. स्प्रिंग ताणली असता किती लांबते याचा त्याच्या नावाचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. तो विद्वान माणूस वर्षानुवर्षे लंडनच्या राखेत दोरी आणि खुंट्या घेऊन हिंडत होता, दोन शेजारी आपापली हद्द ओरडून सांगत असता त्यांच्या मध्ये उभा राहून निवाडा देत होता. आजच्या परवानगीच्या कागदावर जो शिक्का असतो त्याचा मूळपुरुष म्हणजे जमिनीतला हा खुंटा होय. फरक इतकाच की, खुंटा ठोकणाऱ्याला जागेवर यावेच लागे.

मधली दोनशे वर्षे मी लवकर ओलांडतो. अठराव्या शतकात आगीच्याच भीतीने लाकडी वळचणी गेल्या, खिडक्यांच्या चौकटी भिंतीत चार इंच आत सरकल्या. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी आल्या आणि नियमांचे लक्ष आगीवरून गटारावर गेले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर इंग्लंडभर नगरपालिकांनी पोटनियम केले. मग प्रश्न आला उजेडाचा. शेजाऱ्याच्या उजेडाचा हक्क इंग्लंडमध्ये जुनाच होता. वीस वर्षे खिडकीतून उजेड आलेला असेल तर तो कोणी अडवू नये. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांचीच मुदत आहे. पण हा हक्क जुन्या खिडकीचा. नव्या घरातील भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. म्हणून १८९४ च्या लंडन बांधकाम कायद्याने भूमितीचा आधार घेतला. घराच्या मागील हद्दीपासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक रेषा कल्पावी आणि इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेबाहेर जाऊ नये. साडेत्रेसष्टच का? कोष्टक पाहाल तर या कोनात उंची ही अंतराच्या जवळजवळ दुप्पट भरते. चाळीस फूट उंच बांधावयाचे तर मागे वीस फूट मोकळे ठेवा, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

हाच तो नियम, जो मुंबईस आला. त्याच्या आधी मुंबईत काय होते? १८०३ च्या फेब्रुवारीत कोटात मोठी आग लागली, आणि त्यानंतर कोटाबाहेर नवी वस्ती वसली. १८८८ च्या महानगरपालिका कायद्याने नवे बांधकाम किंवा जुन्यात वाढ करण्यापूर्वी आयुक्तास नोटीस देणे सक्तीचे केले, आणि ठरल्या मुदतीत आयुक्ताने हरकत घेतली नाही तर काम सुरू करण्याची मुभाही दिली. कायदा चांगला होता. पण मांडवी, चक्कला, नागपाडा या भागांतील घरे त्याआधीच एकमेकांस चिकटून उभी राहिली होती. दोन घरांच्या पाठींमध्ये चार-पाच फुटांची जी चिंचोळी वाट असे तिला घरगल्ली म्हणत. मैला तेथून जाई, सांडपाणी तेथेच पडे, आणि मधल्या खोल्यांच्या खिडक्याही तिच्यावरच उघडत. म्हणजे शहाणा माणूस त्या उघडीतच नसे.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. सरकार घराच्या दाराशी नव्हे, थेट माजघरात आले. रोग्यांना ओढून नेले, सामान जाळले, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली. १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या घेतल्या त्याची आठवण अजूनही घराघरांतून सांगितली जाते. तपासनिसाला दार उघडताना आपल्या माणसाच्या कपाळावर जी आठी पडते ती नुसती कर चुकविण्याची नव्हे. तिला हा इतिहास आहे.

१८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर हे साडेत्रेसष्ट अंशांनी अक्षरशः झपाटलेले गृहस्थ होते. १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व हवा याच विषयावर त्यांनी जाहीर व्याख्यान दिले. त्यांचे म्हणणे असे की, प्लेगच्या उंदराइतकाच अंधार हा शत्रू आहे. प्रत्येक राहत्या खोलीला त्या कोनातून आकाश दिसलेच पाहिजे, मग ती खोली मजुराची का असेना. लंडनमध्ये जो नियम घराच्या पाठीपुरता होता तो त्यांनी खोलीखोलीला लावावयाचे ठरविले. दादर-माटुंग्याकडे ट्रस्टने आखलेल्या वस्त्यांत आज हिंडलात तर दोन इमारतींमध्ये मोकळी जागा, झाडे आणि चहूबाजूंनी खिडक्या दिसतात. त्यामागे हा कोन उभा आहे. त्या भागात वाढलेल्यांनी ऑरसाहेबांचे आभार मानावयास हरकत नाही.

पण जेथून प्लेग सुरू झाला तेथील माणसांचे काय? जुन्या चाळीला हा कोन लावला की चाळीचा अर्धा भाग पाडावा लागे, किंवा वरचे मजले उतरवावे लागत. मालकाला भरपाई मिळे. भाडेकरूला मिळे ती घर सोडण्याची सूचना. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या माणसांची घरे पाडली तितक्यांना नवी दिली नाहीत. ती माणसे पलीकडच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरली आणि तेथे नवा अंधार तयार झाला. नियम खरा होता, शास्त्रशुद्ध होता, आणि तरीही गरिबाच्या दृष्टीने तो हद्दपारीचा हुकूम ठरला. १६६७ च्या कायद्यांतील जो दुसरा भाग, भाव बांधणे, कारागीर आणणे, तंटे झटपट तोडणे, तो बोटीत चढलाच नव्हता. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. बी. डी. डी. चाळी म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. सुरुवातीस भाडे न परवडल्यामुळे त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या, हेही नमूद केले पाहिजे.

येथपर्यंतचे सर्व नियम ‘कसे बांधावे’ या प्रश्नाचे. विसाव्या शतकात दुसरा प्रश्न आला : ‘येथे बांधावे की नाही?’ इंग्लंडमध्ये १९०९ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला. आपल्या इलाख्यात १९१५ साली झाला. हिंदुस्थानातील तो पहिला. पण मोठी उडी इंग्लंडने १९४७ मध्ये घेतली. जमीन तुमची, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क समाजाचा. तो मागून घ्यावा लागेल, असे त्या कायद्याने ठरविले. आमच्या वडिलांच्या प्रश्नाला एवढे सडेतोड उत्तर दुसऱ्या कोणी दिले नसेल.

गंमत अशी की, हे उत्तर देणाऱ्यांनाच मागल्या दारच्या खोलीची कीव आली. प्रत्येक पडवीसाठी अर्ज तपासावयाचा तर कचेऱ्या बुडून जातील. म्हणून तेथे लहान वाढीस सरसकट परवानगी धरून चालतात. आज इंग्लंडमध्ये जोडघराच्या मागे तीन मीटरपर्यंत आणि सुट्या घराच्या मागे चार मीटरपर्यंत एकमजली खोली, उंचीच्या व इतर काही अटी पाळून, अर्जाशिवाय काढता येते. मात्र ती भक्कम आहे काय, आगीला आवरणारी आहे काय, हे तपासणारे बांधकाम-नियम वेगळे आणि ते तिलाही सुटत नाहीत. शिवाय समाईक भिंतीला हात लावणार असाल तर १९९६ च्या कायद्याने शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी कळवावे लागते. फिट्झ-एलविनची भिंत आठशे वर्षांनंतरही उभी आहे.

आपल्याकडे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच अर्जात गुंफले. घराच्या आतील दुरुस्तीस, बाह्य स्वरूप बदलत नसेल तर, परवानगी लागत नाही. अर्जावर साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर नियमांत बसणाऱ्या बांधकामास परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूदही त्यात आहे. तिचा भरवसा धरून वीट रचणारा धाडसी गृहस्थ मला अजून भेटलेला नाही.

अखेर दोन इमारतींविषयी सांगून थांबतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्यास एक सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. काही महिन्यांत उभारलेली, बांधकाम अजून चालूच असलेली ती इमारत. तिला कोणतीच परवानगी नव्हती. आणि तरी खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहावयास आली होती, कारण परवानगी असलेले घर त्यांना परवडत नव्हते.

दुसरी इमारत लंडनची, ग्रेनफेल टॉवर, चोवीस मजल्यांची, गरीब भाडेकरूंची. तिला दोन्ही परवानग्या होत्या. दुरुस्ती करताना तिच्या बाहेरून नवे आवरण चढविले. ते कसे दिसेल हे नगररचनेच्या अर्जात तपासले गेले, आणि २०१६ मध्ये काम पुरे झाल्याचा दाखलाही मिळाला. ते आवरण अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये ज्वालाग्राही प्लास्टिक भरलेले होते. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरातली आग खिडकीतून बाहेर आली आणि त्या आवरणावरून माथ्यापर्यंत गेली. ७२ माणसे मेली. बाह्यांग विटेचे किंवा दगडाचे असावे या १६६७ च्या कलमाला त्या वर्षी बरोबर ३५० वर्षे झाली होती. आधीच्या नोव्हेंबरात तेथील भाडेकरूंच्या एका मंडळाने या इमारतीत मोठा अनर्थ होईल असे जाहीरपणे लिहून ठेवले होते. परवानगीच्या अर्जावर त्या भाडेकरूंपैकी कोणाचेही नाव नव्हते.